आउटडोअरसमोरचे बोंबील

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज पहिला एसी उघडला. घरचाच, पण उघडला!

एसी दुरुस्तीचा कोर्स संपला, प्रमाणपत्र मिळालं, कोर्समधल्या नेत्राने आणि मी कार्डंही छापून घेतली: ‘विनेत्रा कूलिंग. एसीची नियमित देखभाल.’ विनिता आणि नेत्रा मिळून विनेत्रा. आमच्या ह्यांना ते डोळ्यांत घालायच्या औषधाचं नाव वाटतं. वाटू दे. गोडाउनच्या ऑफिसात इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मालाच्या नोंदी केल्या. गोडाउन पडघ्याकडे हललं आणि मी घरी बसले. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी हातात पाना आलाय आणि तो मला शोभतो, असं माझं प्रामाणिक मत आहे.

सरावासाठी सासूबाईंच्या खोलीतला एसी घेतला. दोन उन्हाळ्यांपूर्वी ह्यांनी हौसेने बसवला, त्यानंतर त्याला कुणी हात लावलेला नाही. चालतोय ना, मग कशाला उघडायचा, असं सगळ्या भिवंडीचंच म्हणणं असतं. बिघडला की बघू. आणि आम्ही दोघी धंदा काढतोय तो बिघडण्याआधी बघण्याचा! कधी कधी मलाच हसू येतं.

नेत्रा शेलारहून सकाळीच आली. मी जाळी ओढली तर निघेना. निघाली तेव्हा हातात करड्या रंगाची गोधडीच आली. शेजारच्या शेडमध्ये लूम चालतात, त्यांची रुई आमच्या कामतघरात सगळीकडे असते, चहात, केसांत, देवाच्या समईत. पण इथे ती अशी थरावर थर बसली असेल असं वाटलं नव्हतं.

“ताई, याची उशी भरू,” नेत्रा म्हणाली. “आजींना देऊ.”

आई पलंगावर हाताची घडी घालून बसल्या होत्या, परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईसारख्या. एसीखाली प्लास्टिकची झोळी बांधून आम्ही पंपाने पाणी मारलं. बादलीत जे पडलं ते पाणी म्हणवेना. काळं, बुळबुळीत, कुबट वासाचं.

“येवरी घान माजे डोक्यावं व्हती?”

“हो ना, आई.”

“आनि मी देवाला बोल लावतंय,” त्या म्हणाल्या आणि उठून बाहेर गेल्या.

कशाबद्दल बोल लावत होत्या, ते विचारायचं राहून गेलं. त्या रागावल्या असाव्यात. खोलीभर शिंतोडे उडाले होतेच.


२० फेब्रुवारी, गुरुवार

टेमघरच्या एका फ्लॅटमध्ये पहिलं बाहेरचं काम! दार उघडणाऱ्या बाईंनी आमच्या मागे जिन्यात डोकावून पाहिलं.

“तुमचा माणूस येतोय का मागनं?”

“माणूस आम्हीच,” नेत्रा म्हणाली.

बाईंनी शेजारणीला बोलावून घेतलं. दोघी आमच्याकडे बघत सोफ्यावर बसल्या. मी शिडीवर चढले तेव्हा गुडघा कटकन वाजला, तो त्यांनीही ऐकला असणार. पण जाळीवरची रुई बादलीत पडल्यावर शेजारीण म्हणाली, “आमच्यातपण असंच असेल का हो?” आणि आमचं दुसरं काम तिथेच ठरलं.

एक गोष्ट लक्षात आली. कोर्समध्ये शिकवलं होतं, दर तीन महिन्यांनी जाळी धुवा. ते दुसऱ्या गावांसाठी. इथे दर पंधरवड्याला जाळी झटकायला हवी. कार्डावर तसं छापायला हवं होतं.


४ मार्च, मंगळवार

आज अजिबात उत्साह नाही. आठवडाभर फोन नाही.

दुपारी सीताबाई आल्या होत्या, आमच्या भावकीतल्या. पापडाचं पीठ मागायला आल्या आणि बाहेरच्या ओट्यापाशी उभ्या राहून आईंना म्हणाल्या, “काय गो पुतळाबाय, भोईरांची सून शिडीवर चढतंय म्हने लोकांच्या घरात?”

मी आत भांडी घासत होते. नळ बंद केला.

आई म्हणाल्या, “शिरी पन भोईरांचीच हाय.”

एवढंच. हा टोमणा सीताबाईंना होता की मला, अजून कळलेलं नाही. बहुतेक मलाच. शिडी ह्यांच्या शेडमधली नेते, ते आईंना खटकत असणार. उद्या स्वतःची घ्यावी.

मी हे का करतेय? विचारणारं कुणी नाही, म्हणून मीच विचारते. कारण जाळी धुऊन परत बसवली, बटण दाबलं आणि पंख्याचा आवाज बदलला, की माझ्या छातीतलं काहीतरी मोकळं होतं. एवढं एक कारण पुरेल का?


१६ मार्च, रविवार

होळीच्या गडबडीत लिहिणं झालं नाही. आज सकाळी मला उठायला चक्क उशीर झाला. एरवी आईंच्या खोकल्याने जाग येते, गजर लावावाच लागत नाही. आज तो आलाच नाही, आणि आठवडाभर असंच होतंय. मोबाइलवर गजर लावायला हवा.

अंगणात कुणीतरी धवला लावला होता. आमच्यात लग्नाची गाणी, म्हणजे धवले, म्हणणारी ती धवलारीण. भटजी येण्याआधीचं आणि नंतरचंही पुष्कळसं तिच्या हातात असतं, तिच्या गाण्याशिवाय हळदीचा विधी पुढे सरकत नाही. आमच्या आई ह्या भागातल्या नावाजलेल्या धवलारीण. पण दोन वर्षांपूर्वी त्यांनी ते अचानक सोडलं. वय झालं, डीजेपुढं कोन ऐकतंय, म्हणाल्या. सकाळचं ते गाणं ऐकून वाईट वाटलं. कुणाच्या तरी मोबाइलवर लागलं असेल. आवाज अगदी जुन्या आईंसारखा होता.

दुपारी आई नवं लुगडं नेसून रिक्षाने टेमघरला गेल्या. तिथे त्यांची जोडीदारीण गोदूबाई राहतात, दोघी जोडीने गायच्या. उन्हं कलल्यावर परत आल्या त्या जिलेबी घेऊन. मला विचारलं, “तुजा तो कागद हाय का एखादा? नाव लिवलेला?” कार्ड दिलं, तर त्यावरच जिलेबी ठेवून खाल्ली आणि तेच चिकट कार्ड कनवटीला खोचलं. आपल्या कार्डाचं एवढंच मोल!


१८ मार्च, मंगळवार

हॉल मिळाला! म्हणजे मिळायच्या वाटेवर आहे.

केसरीनाथदादांचा फोन आला. बायपासजवळ लग्नाचा मोठा हॉल आहे ना, तो त्यांचा. वीस एप्रिलला त्यांच्या मुलीचं लग्न त्याच हॉलमध्ये आहे. म्हणाले, “सगळ्या मशिनी साफ करून पाहिजेत. लग्न गार झालं, तर वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट तुमचं. न्हाय झालं, तर आपलं नातं तसंच राहील, पण कॉन्ट्रॅक्ट न्हाय.”

माझा नंबर कसा मिळाला, हे विचारायचं सुचलंच नाही. नक्की ह्यांनीच सांगितलं असणार. संध्याकाळी मी ह्यांच्यासमोर गरम भजी ठेवली आणि म्हटलं, “आभारी आहे हो.”

“कशाबद्दल?”

“केसरीनाथदादांशी बोललात ना?”

“मी? मला तर आत्ता तू सांगतेस.”

किती साधा माणूस! श्रेय घ्यायलासुद्धा लाजतो.

नेत्राला फोन केला तर ती ओरडलीच, “ताई, छतातले एसी! चार तोंडांचे! हाय ना?” हाय, म्हटलं. मीसुद्धा ओरडूनच.


२७ मार्च, गुरुवार



भर दुपारी आईंचा एसी बंद पडला. मी धुतलेला. नवशिक्याने हात लावल्यासारखा, महिन्या-दीड महिन्यात! चालू केला की थोडा वेळ गार, मग नुसता पंखा. जाळी पाहिली, स्वच्छ. आतली कॉइल स्वच्छ. पाण्याची नळी मोकळी. गॅस गेला असेल का? माझ्याच पंपाने काही फुटलं असेल का? हॉलमध्ये असं झालं तर? घामाने डोळे चुरचुरायला लागले. नेत्राला बोलवावं का, ह्या विचारात गच्चीवर आउटडोअर, एसीचा बाहेरचा भाग, पाहायला गेले.

आउटडोअरच्या पंख्यासमोर दोरी बांधलेली. दोरीवर बोंबील. आणि मांजर येऊ नये म्हणून बोंबलांवर आईंचं जुनं लुगडं, युनिटच्या पार अंगाभोवती घट्ट खोचलेलं.

“आई!”

त्या सावकाश जिना चढून आल्या. “काय गो, कला वरडतंस?”

“हे इथे कशाला वाळत घातलंत?”

“गरम वारा फुकट जातंय त्याचा. पावसाआधी आगोटीचं सामान नको करायला? उन्हात तीन दीस लागतान, हितं येका दिसात होतंय.”

हसावं की रडावं कळेना. मी त्यांना समजावलं, खोलीतली उष्णता हे यंत्र इथे आणून टाकतं. समोर कापड लावलं की टाकलेलीच गरम हवा ते परत आत घेतं. तापतं, तापतं आणि शेवटी जीव वाचवायला स्वतःच थांबतं.

आई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हंजे त्याचाबी घसा धरतंय.”

“तसंच म्हणा.”

त्यांनी लुगडं ओढून काढलं. आतून वारा असा आला की दोघींनी तोंड फिरवलं. बोंबलाचा तो वास! पण बोंबील मात्र कडकडीत झाले होते, हे मान्य करायला हवं.


१० एप्रिल, गुरुवार

हॉलचं काम सुरू. काय दिवस होता!

छतातला एसी खालून उघडला, की त्याची चारी तोंडं वासतात आणि आपण त्याच्या पोटात बघतो. आधी भीती वाटली. शिडी उंच, खाली गुळगुळीत फरशी. नेत्रा शिडी धरून म्हणाली, “ताई, खाली नका बघू. मी हाय.” मग नाही पाहिलं. एकातून रुई निघाली, एकातून फुग्याचा तुकडा, एकातून चक्क अक्षता. किती लग्नांच्या असतील? मी त्या टाकल्या नाहीत, पदराच्या टोकाला बांधल्या. नेत्रा हसली, पण तिने पण चिमूटभर घेतल्या.

बाहेरच्या अंगाला, जेवणाच्या मोकळ्या जागेकडच्या भिंतीवर, सगळी आउटडोअर एका ओळीत बसवलेली. जाळ्यांत धूळ इतकी की बोटाने नाव लिहिता यावं. नेत्राने लिहिलंच: विनेत्रा. मग आम्हीच ते धुऊन टाकलं.

अंग असं दुखतंय की पेन धरवत नाही. पण झोपावंसं वाटत नाही.


१७ एप्रिल, गुरुवार

काम पूर्ण. सगळी यंत्रं एकदम चालू केली. केसरीनाथदादा हॉलच्या मधोमध उभे राहिले, टोपी काढली आणि टक्कल वर करून थांबले.

“लागतंय,” म्हणाले. “डोक्याला बरोबर लागतंय.”

घरी आले तर आई आरशासमोर नथ लावून पाहत होत्या. केसरीनाथदादांच्या मुलीच्या लग्नात त्याच गाणार आहेत म्हणे! मला कुणी सांगितलंच नाही. दोन वर्षांनी! काय मनात आलं असेल त्यांच्या? त्या मोठ्या हॉलमध्ये आवाज पुरेल का त्यांचा? मला आता दोन काळज्या.


२० एप्रिल, रविवार, सकाळ

नेसून तयार आहे. हिरवी पैठणी, गजरा. पर्समध्ये पाना आणि टेस्टर. हे म्हणाले, “लग्नाला चाललीस की लाइन दुरुस्त करायला?” असू दे.


२१ एप्रिल, सोमवार

काल काही लिहिणं शक्यच नव्हतं. आता नीट, क्रमाने लिहिते.

मुहूर्त दुपारचा. बाहेर भाजत होतं, आत हॉल असा गार की बायका शालू सावरून बसल्या होत्या. मी उगाचच प्रत्येक एसीखालून एक चक्कर मारली. सीताबाई म्हणाल्या, “बस ना गो, काय वर बघत फिरतंस पाल शोधल्यासारखी.”

मग एक थांबला. आवाजावरून मला लगेच कळलं. नुसता पंखा. मग त्याच्या शेजारचा. थोड्या वेळात सगळी ओळच थांबली. पत्रिकांचे पंखे हलायला लागले. नवरीच्या कपाळावरून घाम हळदीत उतरला. केसरीनाथदादा सगळ्यांच्या मधून तरातरा माझ्याकडे आले.

“विनिता, काय धुतलंस गो? गरम फेकतान मशिनी! माझ्या व्याह्यांसमोर!”

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. सीताबाई शेजारणीच्या कानाशी लागल्या. क्षणभर मला वाटलं, सरळ दाराबाहेर पडावं आणि कामतघरापर्यंत चालत जावं.

पण डोक्यात एकच घोळत होतं: सगळे एकदम कसे बिघडतील? एक बिघडेल, दोन बिघडतील. सगळ्यांचं मिळून सारखं काय आहे? आणि मला, खोटं वाटेल, पण भर लग्नात बोंबलाचा वास आला.

“नेत्रा, मागे चल!”

पैठणीचा काष्टा मारल्यासारखा करून धावले. जेवणाच्या जागेत पाहते, तर आउटडोअर दिसतच नव्हती. भिंतभर सोनेरी साटीनचा पडदा, वर प्लास्टिकची फुलं, मध्ये दोघांची नावं थर्माकोलमध्ये. समोर फोटोला रांग. डेकोरेटर जीवनदादा कमरेवर हात ठेवून आपलं काम बघत उभे.

“दादा, हे कापड सोडा.”

“काय बोलता, वहिनी? रात्रभर जागून लावलंय. शेठनीच सांगितलं, जेवणाऱ्यांच्या तोंडावर गरम हवा येते, काहीतरी आडवं लावा.”

“आत्ताच्या आत्ता सोडा!”

“शेठला विचारून...”

नेत्राने विचारलं नाही. तिने दोरी शोधली आणि ओढली. पडदा फुलांसकट खाली आला आणि मागून भट्टीचं दार उघडल्यासारखा झोत आला. फोटोची रांग किंचाळत पांगली. थर्माकोलमधलं नवऱ्याचं नाव माझ्या गजऱ्यावर पडलं.

कापड निघालं तरी यंत्रं लगेच चालू होत नाहीत, तापलेली असतात. आम्ही केटररच्या पिंपातून पाण्याची नळी घेतली आणि एकेकाच्या जाळीवर पाणी मारत सुटलो. वाफ निघत होती. केसरीनाथदादा मागोमाग आलेच.

“पडदा का पाडलास? आधी मशीन बिघडवली, आता...”

“दादा,” मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना, “तुम्ही तोंडावर उशी दाबून झोपाल का?”

ते बघत राहिले. एकदा पडद्याकडे, एकदा वाफेकडे. मग आपल्या हाताकडे, ज्या हाताने जीवनला जागा दाखवली असेल. “तो मीच लावायला सांगितला,” म्हणाले. आणि नेत्राच्या हातातली दुसरी नळी घेऊन नव्या झब्ब्यानिशी पाणी मारायला लागले.

मला मात्र आतल्या एका गोष्टीची धास्ती होती. मुहूर्त जवळ आलेला, लोक घामाघूम, आणि भिंतीपलीकडून आईंचा धवला संपतच नव्हता! एका देवाला आवतण झालं की दुसऱ्याला, मग गावदेवीला, मग खाडीला, मग पूर्वजांना. धवलारीण थांबल्याशिवाय कुणी उठायचं नाही, जागा सोडायची नाही, ही रीत. म्हणजे एवढा मोठा हॉल उकाड्यात जखडून बसलेला. मी मनात म्हणत होते, आई, नेमकं आजच कशाला लांबवताय? पण आवाज! काय आवाज लागला होता! न माइक, न खोकला. विटांमधून आरपार येत होता. मी पाणी मारता मारता थांबले, तर नेत्राने मला हलवलं.

“ताई, पहिलं चालू झालं!”

खरंच, भिंतीवरचं पहिलं युनिट घरघरलं. मग दुसरं. मग एकेक करत सगळी ओळ. मी ओल्या पैठणीत उभी होते, डोक्यावर थर्माकोल, आणि मोठ्याने हसत होते. केसरीनाथदादांनी जेवणाची टेबलंच पलीकडच्या सावलीत हलवायला लावली. एवढं सोपं होतं ते.

मी आत गेले तेव्हा हॉल गार व्हायला लागला होता आणि आईंनी नेमका तेव्हाच धवला संपवला. योगायोग म्हणतात तो हा.

घरी येताना नेत्रा रिक्षात म्हणाली, “ताई, दादांनी नळी घेतल्यावर मी दारात जाऊन आले, तेव्हा आजींनी धवल्यात तुमचं नाव घेतलं. वाऱ्याची वाट मोकळी करनारी विनिता बाय, असं.”

“काहीतरीच. धवल्यात देवांची नावं घेतात, मिस्त्रिणींची नाही.”

“माझंपण घेतलं,” ती म्हणाली. तेव्हा तर माझी खात्रीच पटली की ती उकाड्याने भोवंडली होती.


२३ एप्रिल, बुधवार

केसरीनाथदादा आज घरी आले. पेढे, आणि हॉलच्या मागच्या फाटकाची किल्ली. ती माझ्या हातात ठेवून म्हणाले, “वर्षभर ही तुमच्याजवळ. आणि आउटडोअरसमोर कुनी रुमाल जरी वाळत घातला, तरी मला सांगायचं.”

मी किल्ली मुठीत घट्ट धरली.

ते आईंकडे वळून हसले. “आक्का, तुमची अट होती म्हनून मी हो बोललो होतो. आता मात्र माझी स्वतःची...”

“केसरी, च्या घे. गार होतंय,” आई म्हणाल्या.

कसली अट ते विचारणार होते, पण तेवढ्यात नेत्राचा फोन आला आणि किल्लीची बातमी सांगता सांगता राहून गेलं. लग्नात गायला आईंनी काही मानपान मागितला असणार. मागू दे, त्यांचा हक्कच आहे.

दुपारी गच्चीवर गेले. बोंबलांची दोरी आईंनी पार दुसऱ्या टोकाला नेऊन बांधली आहे, कावळ्यांसाठी जवळ काठी ठेवली आहे. आउटडोअरसमोर मोकळी, झाडलेली जागा. मी तिथे जरा वेळ वाऱ्यात उभी राहिले, गरम तर गरम.

खाली आले तर आई विचारतात, “त्या नाक्यावरचा नवा हॉल हाय ना गो, त्याच्या मशिनी कोन धुतंय?”

“कुणास ठाऊक, आई. कुणीच धूत नसेल.”

“बरं.”

त्यांनी नवं लुगडं काढलं, नथ लावली आणि माझं एक कार्ड घडी करून कनवटीला खोचलं. जिलेबीसाठी असेल.

“गोदूकडं जाऊन येतंय,” म्हणाल्या, आणि रिक्षात बसल्या.

एवढ्या उन्हात गोदूबाईंकडे त्यांचं काय एवढं काम असतं, देव जाणे.